सरळ सहा सिलिंडर, ३ लिटर, रोजची गाडी: एक टर्बो की दोन?

सहाची_ओळ

नमस्कार मंडळी. टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याच्या, निवडीपाशी गाडं अडलंय, म्हणून हा धागा. आधी इंजिनाची कुंडली देतो.

सरळ सहा सिलिंडर, २९९७ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिमी. फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड, कॉम्प्रेशन ८.५, हेड गॅस्केट अनेक थरांच्या स्टीलचं. रेडलाइन ७०००. इंधन ९८ ऑक्टेन पेट्रोल, इथेनॉलचा बेत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्स. लक्ष्य क्रँकवर ५०० ते ५२० हॉर्सपॉवर.

गाडी रोज चालणार, म्हणजे बहुतेक वेळ २००० ते ५००० आरपीएममध्ये. एक्झॉस्टच्या बाजूला जागा भरपूर आहे, त्यामुळे जागेचं कारण कुणी देऊ नये.

एक गट सांगतो, दोन छोटे समांतर लावा, लॅग, म्हणजे पाय दाबल्यावरची दिरंगाई, उरणारच नाही. दुसरा म्हणतो, एकच घ्या, ट्विन-स्क्रोल, म्हणजे आत एक्झॉस्टच्या दोन वेगळ्या वाटा असलेला. दोन्हीकडचे छातीठोक बोलतात, आकडे मात्र कुणी देत नाही. मला आकडे हवेत.

यंत्रयात्री

मग टर्बो बाजूला ठेवा आणि हवा मोजा.

चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरतो. ३ लिटर × ७००० ÷ २ = मिनिटाला १०,५०० लिटर. भरण्याची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर साधारण ९,९७५ लिटर. आता मॅनिफोल्डमध्ये १.२ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब), म्हणजे निरपेक्ष दाब २.२ बार, आणि इंटरकूलरनंतरचं तापमान ५० अंश धरा. या हवेची घनता घनमीटरला २.३७ किलो. म्हणजे मिनिटाला २३.७ किलो हवा, टर्बोवाल्यांच्या भाषेत ५२ पौंड प्रति मिनिट. पेट्रोलवर एका पौंडाला ढोबळ १० हॉर्सपॉवर, म्हणजे ५२०. तुमचं लक्ष्य १.२ बारमध्ये बसतं.

कॉम्प्रेसरचा (टर्बोतला हवा दाबणारा भाग) प्रेशर रेशो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या हवेच्या दाबाचं गुणोत्तर, मात्र २.२ नाही. इंटरकूलर आणि पाइपांत ०.१ बार जातो, एअर फिल्टरवर ०.०३ बार. म्हणून २.३ भागिले ०.९८३, म्हणजे २.३४. कॉम्प्रेसरच्या नकाशावर (दाब आणि प्रवाहाचा आलेख) बिंदू मांडायचा तो २.३४ आणि ५२ वर. दोन टर्बो असतील तर प्रत्येकी २.३४ आणि २६.

दुसरा बिंदू लोक विसरतात. ३५०० आरपीएमला पूर्ण बूस्ट आला तर त्या वेळी हवा साधारण २५ पौंड. हा बिंदू सर्ज लाइनच्या उजवीकडे पडायला हवा; तिच्या डावीकडे प्रवाह कमी पडून हवा उलटी अडखळते, तो सर्ज. ८० पौंडांचा कॉम्प्रेसर 'पुढे वाढवायला बरा' म्हणून घेतला की तो नेमका इथे सर्जमध्ये जातो. तुम्हाला इनड्यूसर (कॉम्प्रेसरच्या चाकाचं हवा आत घेणारं तोंड) साधारण ५७ ते ६० मिमीचा पुरतो. जोडी घ्यायची तर प्रत्येकी ४२ ते ४७ मिमी.

बूस्टवेडा

हिशोब मान्य. पण यातूनच उत्तर मिळालं ना! ४२ मिमीचं चाक ५८ मिमीच्या चाकापेक्षा लवकर फिरणार, यात वाद कसला? चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. दोन छोटे लावा, रोजच्या गाडीत थ्रॉटल दाबला की लगेच ओढ मिळते.

यंत्रयात्री

पाचवा घात बरोबर, पण हिशोब अर्ध्यावर सोडलात.

प्रत्येक टर्बोला निम्मी हवा, म्हणजे चाकाचं क्षेत्रफळ निम्मं, व्यास ०.७०७ पट. जडत्व ०.७०७ चा पाचवा घात, ०.१७७. दोन चाकांचं मिळून ०.३५. इथवर तुमचा मुद्दा जोरात आहे.

आता पुढचं. तोच प्रेशर रेशो मिळवायचा तर चाकाच्या कडेचा वेग तोच लागतो, म्हणजे छोट्या चाकाला १.४१ पट जास्त आरपीएम गाठावे लागतात. फिरण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट. ०.३५ चे झाले ०.७१. एक्झॉस्टमधली ऊर्जा तर दोन्ही रचनांत तेवढीच आहे, फक्त दोघांत वाटली गेली. म्हणजे आदर्श स्थितीत फायदा ६५ टक्क्यांचा नसून ३० टक्क्यांचा.

तोही पूर्ण हातात येत नाही. पात्याचं टोक आणि हाउसिंग यांच्यातली फट चाकाच्या प्रमाणात लहान करता येत नाही, म्हणून छोट्या चाकात गळती जास्त आणि कार्यक्षमता कमी. बेअरिंग दोन संच, त्यांचं तेलातलं घर्षणही दोनदा. अशी वजाबाकी करत गेलं की समांतर जोडी आणि चांगला बॉल-बेअरिंग सिंगल यांच्यातला फरक थोडका उरतो.

शिवाय लॅग आणि बूस्ट थ्रेशोल्ड या दोन गोष्टी आहेत. थ्रेशोल्ड म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडा असताना कोणत्या आरपीएमपासून बूस्ट टिकतो. लॅग म्हणजे त्या आरपीएमच्या वर असताना पाय दाबल्यावर लागणारा वेळ. जडत्वाचा संबंध लॅगशी. थ्रेशोल्ड ठरतो तो टर्बाइनच्या (एक्झॉस्टने फिरणारा भाग) आकाराने आणि कार्यक्षमतेने, आणि एकूण टर्बाइनचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवलं तर दोन केल्याने थ्रेशोल्ड आपोआप खाली येत नाही.

कुतूहल

हे खरं असेल तर इतक्या कंपन्यांनी सरळ सहावर दोन टर्बो का लावले? त्यांचे इंजिनिअर काय वेडे होते?

टर्बाइनराव

वेडे नव्हते. त्यांना जोडीतून जे हवं होतं त्याचा चाकाच्या आकाराशी फारसा संबंध नव्हता.

सरळ सहाचा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पुढचे तीन सिलिंडर एका टर्बोला, मागचे तीन दुसऱ्याला दिले की प्रत्येक टर्बोकडे २४० अंशांनी एक धक्का येतो. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आला की दुसऱ्याचा उघडतो, एकमेकांत ढवळाढवळ नाही. सहाही सिलिंडर एकाच उघड्या कलेक्टरमध्ये (पाइप एकत्र येतात तो भाग) सोडले तर धक्के १२० अंशांवर येतात. एक व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेतात असताना शेजारच्याचा दाब त्यात घुसतो, जळालेला वायू सिलिंडरमध्ये अडकतो आणि धक्क्यातला जोर टर्बाइनपर्यंत पोचण्याआधीच विरतो. जोडीने सोडवला तो हा प्रश्न.

ट्विन-स्क्रोल हेच काम एका टर्बोत करतो. म्हणून साध्या, न विभागलेल्या सिंगलशी तुलना केली तर जोडी जिंकते, आणि ट्विन हाच उपाय असा समज त्याच तुलनेतून रूढ झाला.

उदाहरणं बघा. टोयोटाचं १जेझेड-जीटीई, २.५ लिटर. सुरुवातीला दोन समांतर टर्बो, टॉर्क ३६३ न्यूटन-मीटर ४८०० आरपीएमला. १९९६ पासून एकच टर्बो, टॉर्क ३७८, तोही २४०० ला. त्यात व्हीव्हीटी-आयचा (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) वाटा मोठा, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण एक टर्बो लावल्याने खालची ओढ गेली नाही एवढं तरी त्यातून दिसतं. बीएमडब्ल्यूचं एन५४ दोन छोटे टर्बो घेऊन आलं, त्यानंतरचं एन५५ एका ट्विन-स्क्रोलवर. दोन्ही ३ लिटर, दोन्हींना ४०० न्यूटन-मीटर.

बूस्टवेडा

आणि त्यानंतर एम३ साठी एस५५? तिथे परत दोन टर्बो, तेही मोनो-स्क्रोल, म्हणजे आत एकच वाट असलेले. ते सोयीस्कर विसरलात.

टर्बाइनराव

विसरलो नाही, तुम्ही काढाल याची खात्री होती :)

एस५५ ची रेडलाइन ७६००. वरच्या आरपीएमला ट्विन-स्क्रोलच्या मधल्या भिंतीमुळे घर्षण वाढतं, आणि प्रत्येक धक्का टर्बाइनच्या अर्ध्याच वाटेने जातो. दोन मोनो-स्क्रोलमध्ये धक्के वेगळे राहतात आणि प्रत्येक तीन सिलिंडरांना पूर्ण हाउसिंग मिळतं. कारखान्याला ते परवडतं, कारण मॅनिफोल्ड आणि हाउसिंग जवळजवळ ठेवून, कास्टिंग करून, आवाक्यात बसवता येतं. वरच्या टोकाला श्वास मोकळा हवा असेल तर जोडीला अर्थ आहे. धागाकर्त्याची रेडलाइन ७००० आहे आणि वापर ५००० च्या खाली.

व्ही_आठ

माझ्याकडचा प्रश्न थोडा अवांतर, पण विषयाला धरून. व्ही६ किंवा व्ही८ असेल तर?

टर्बाइनराव

तिथे उत्तर बहुतेक वेळा उलटं. दोन बँक, दोन बाजूंना एक्झॉस्ट. एकच टर्बो लावायचा तर एका बाजूचा वायू लांब क्रॉसओव्हर पाइपातून दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो, वाटेत उष्णता जाते आणि टर्बाइनचं खाद्यच कमी होतं. समान अंतराने फायर होणाऱ्या व्ही६ मध्ये प्रत्येक बँकेवर धक्के आपसूक २४० अंशांनी येतात, म्हणजे बँकेला एक टर्बो हीच नैसर्गिक मांडणी. निसानच्या व्हीआर३८डीईटीटीवर तेच आहे.

क्रॉस-प्लेन (क्रँकच्या पिना ९० अंशांवर असलेल्या) व्ही८ मध्ये गोम आहे. एका बँकेवर धक्के ९०, १८०, २७० अशा विषम अंतरांनी येतात, म्हणजे बँकेला एक टर्बो लावला तरी ९० अंशांवरचे दोन धक्के एकमेकांच्या अंगावर येतात. बीएमडब्ल्यूने एस६३ मध्ये दोन्ही बँकांचे सिलिंडर एकमेकांत गुंफणारा मॅनिफोल्ड केला तो यासाठी. घरगुती फॅब्रिकेशनमध्ये त्या वाटेला जाऊ नका. बँकेला एक टर्बो लावा आणि थोडं नुकसान सोसा.

चार सिलिंडरवर दोन समांतर टर्बो मात्र कशासाठीच नकोत. प्रत्येकाला ३६० अंशांनी एक धक्का, मध्ये टर्बाइन मंदावत बसतं. तिथे १-४ आणि २-३ अशी जोडणी करून ट्विन-स्क्रोल.

कुतूहल

सिक्वेन्शियल राहिलं की. आधी छोटा, मग मोठा. दोन्ही जगांतलं उत्तम, असं वाचलंय.

यंत्रयात्री

वाचायला उत्तमच आहे.

एक दुरुस्ती: १९९३ च्या सुप्रातल्या २जेझेड-जीटीईचे दोन्ही टर्बो जवळपास सारखेच आहेत, छोटा-मोठा नाही. खालच्या आरपीएमला सगळा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोला, ४००० च्या आसपास दुसरा सामील होतो. माझदाच्या १३बी-आरईडब्ल्यू या रोटरी इंजिनातही क्रमाक्रमाने. सुप्रात सहा सिलिंडरांचा सगळा वायू एका छोट्या टर्बाइनवर, म्हणून २००० च्या आसपास बूस्ट येतो. त्या टापूत सिक्वेन्शियलला समांतर जोडी किंवा सिंगल कुणीच हरवत नाही.

किंमत मोजावी लागते ती झडपांत. एक्झॉस्ट कंट्रोल व्हॉल्व्ह, बायपास व्हॉल्व्ह, इनटेकच्या बाजूचा कंट्रोल व्हॉल्व्ह, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनच्या बाजूने सोडणारी झडप), प्रत्येकाला अॅक्च्युएटर, सोलेनॉइड, दाबाची टाकी, चेक व्हॉल्व्ह, आणि हे सगळं जोडणाऱ्या रबरी नळ्या एक्झॉस्टच्या उष्णतेत. नळी कडक होते, चिरते, दुसरा टर्बो उशिरा किंवा अर्धवट उघडतो आणि सामील होण्याच्या क्षणी बूस्ट खाली पडून परत उसळतो. सुबारूच्या ट्विन-टर्बो लेगसीत तर तो मधला खड्डा सगळं ठीक असतानाही जाणवायचा.

मूळ सिक्वेन्शियल शाबूत असेल आणि ताकद कारखान्याच्या जवळपास ठेवायची असेल तर त्याला हात लावू नका. सिलिकॉन नळ्या बदला, चेक व्हॉल्व्ह तपासा, एवढंच. नव्याने बनवायला घेऊ नका. आणि झडपा कायमच्या उघड्या बांधून त्याला 'खरं समांतर' करणाऱ्यांना खालची ओढ जाते आणि वर विशेष काही मिळत नाही.

सिरीजमध्ये लावलेल्या जोडीचा, म्हणजे मोठ्याची हवा छोट्यात दाबण्याचा, विषय वेगळा. तो फार मोठ्या प्रेशर रेशोसाठी, मुख्यतः डिझेलवर. २.३४ ला त्याची गरज नाही.

तेलकट_हात

मी फक्त बनवण्याच्या बाजूने लिहितो, कारण इथे बहुतेक ट्विन-स्क्रोल वाया जातात.

विभागणी हेडपासून टर्बाइनच्या चाकापर्यंत अखंड हवी. १-२-३ एकत्र, ४-५-६ एकत्र, फ्लँज विभागलेला, गॅस्केटही विभागलेलं. मधल्या भिंतीची मॅनिफोल्डकडची कड आणि हाउसिंगची कड जुळत नसेल तर घासून जुळवा. वेस्टगेट इथे घात करतं. दोन्ही गटांतून पाइप काढून ते व्हॉल्व्हच्या आधीच एकत्र केले, की विभागणी तिथेच संपली. मोनो-स्क्रोल टर्बो जास्त पैसे देऊन घेतला असं समजा. एक तर दोन वेस्टगेट लावा, प्रत्येकी ४० मिमीच्या आसपास, किंवा एक मोठं लावून मधली पट्टी थेट व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत न्या. मी दोनच्या बाजूचा.

आकाराचा एक उलटा नियम लक्षात ठेवा: ताकद जास्त आणि बूस्ट कमी, तर वेस्टगेट मोठं लागतं, कारण बाजूने सोडायचा वायू जास्त. पाइप कलेक्टरमधून प्रवाहाच्या दिशेने तिरका निघायला हवा. काटकोनात काढला तर वायू वळतच नाही आणि वर बूस्ट आपोआप चढत जातो.

पाइप: सव्वा इंची शेड्यूल १० स्टेनलेस, बाहेरचा व्यास ४२.२, जाडी २.७७, आतला व्यास ३६.६ मिमी. ५२० ला पुरतो आणि धक्क्याचा वेग टिकतो. दीड इंची वापरलं की खालची ओढ पातळ होते. स्टेनलेसच्या प्रतींत ३०४ चालतं, ३२१ जास्त टिकतं. दीड मिमीचं पातळ पाइप हलकं आणि दिसायला छान, पण टर्बोचं वजन त्याच्यावर टांगू नका. ब्लॉकपासून सरकता आधार द्या.

हेडचा फ्लँज १२ मिमी. ६०० मिमीची स्टेनलेस पट्टी ४०० अंशांनी तापली की ४ मिमी लांबते, आणि हेड तेवढं लांबत नाही. म्हणून पोर्टांच्या मधून फ्लँज कापा, मधल्या स्टडला नेमकं छिद्र आणि टोकांकडे लांबट. वेल्ड करताना आतून आर्गॉन सोडा, नाहीतर आतल्या बाजूला काळी खरपुडी धरते आणि तीच पुढे सुटून टर्बाइनवर आदळते. वेल्डनंतर फ्लँज मशीनवर सपाट करून घ्या. वाकतोच.

सहाची_ओळ

भन्नाट माहिती. समांतर जोडीच्या बाजूने अजून कुणाला बोलायचंय का? निर्णय जवळजवळ झालाय, पण एकतर्फी व्हायला नको.

बूस्टवेडा

बोलतो की. निसानच्या आरबी२६डीईटीटीसारखं सरळ सहाचं इंजिन असेल, जिथे कारखान्यातूनच दोन समांतर आहेत, तिथे मूळ मॅनिफोल्डवर बसणारे नव्या कॉम्प्रेसरचे टर्बो लावणं हे सिंगलच्या पूर्ण किटपेक्षा कमी कामाचं. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), तेल-पाण्याच्या लाइन जागच्या जागी. १९८९ पासूनच्या त्या इंजिनातले मूळ सिरॅमिक टर्बाइन जास्त बूस्टवर तुटतात, तेव्हा ते बदलायचेच असतात. दिसायला सगळं मूळ राहतं. हा मुद्दा कुणी खोडून दाखवावा.

तेलकट_हात

खोडत नाही, शंभर टक्के बरोबर. मॅनिफोल्ड आधीच असेल तर जोडी. पण मग जोडीची दुखणीही माहीत हवीत.

सगळ्यांत त्रासदायक म्हणजे दोघांची ढकलाढकली. वरच्या गिअरमध्ये, २५०० ते ३५०० आरपीएम, थ्रॉटल अर्धा, आणि इनटेकमधून फडफड ऐकू येते, गाडी हलके हिसके देते. दोन कॉम्प्रेसर एकाच पाइपात हवा ढकलत असतात. एकाचा प्रवाह थोडा कमी पडला की तो सर्जमध्ये जातो, त्याचा वाटा दुसऱ्याकडे जातो, मग पहिला सावरतो आणि दुसरा अडखळतो. आळीपाळीने हेच चालू. उपाय: दोन्ही आउटलेट समोरासमोर किंवा टी आकारात न जोडता लहान कोनात, एकाच दिशेने वळलेले असताना जोडा, शक्य तितकं पुढे, जमल्यास इंटरकूलरच्या टाकीपर्यंत वेगळे न्या. फिल्टरकडचे पाइपही सारख्या लांबीचे. आणि गरजेपेक्षा मोठे कॉम्प्रेसर घेऊ नका, सर्ज लाइन तिथेच जवळ येते.

दुसरं, वेस्टगेट जुळवणं. अॅक्च्युएटरच्या रॉडचे आटे मोजून भागत नाही. हातपंप आणि गेज लावून, डायल इंडिकेटर रॉडवर टेकवून, हालचाल नेमकी किती दाबाला सुरू होते ते दोघांचं बघा. ०.०२ ते ०.०३ बारच्या आत आणा. दोन्ही नळ्या सारख्या लांबीच्या, एकाच टी मधून.

तिसरं, मोजमाप. दोन टर्बोंतला एक मरत असेल तर बूस्ट गेजवर लगेच कळत नाही, दुसरा भार उचलतो आणि मर्यादेपलीकडे फिरत राहतो. पुढच्या आणि मागच्या तीन सिलिंडरांसाठी वेगवेगळे एक्झॉस्ट तापमानाचे आणि लॅम्डाचे (हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारे) सेन्सर लावा, फरक पडला की शोध घ्या.

यंत्रयात्री

परत सिंगलकडे. टर्बाइनच्या ए/आरवर, म्हणजे हाउसिंगच्या वाटेचा आकार सांगणाऱ्या आकड्यावर, कुणी बोललं नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीचा स्वभाव तिथेच ठरतो. कॉम्प्रेसर ५२० हॉर्सपॉवर ठरवतो, ए/आर ठरवतो ती ३००० ला मिळते की ४५०० ला. ५८ मिमी इनड्यूसरला वायू बाहेर पडण्याच्या बाजूला साधारण ५५ मिमीचं टर्बाइन व्हील असतं. त्यावर विभागलेलं ०.८३ घेतलं तर या इंजिनावर पूर्ण १.२ बार ३२०० ते ३६०० च्या दरम्यान अपेक्षित धरा. १.०६ घेतलं तर चारशे-पाचशे आरपीएम पुढे सरकतं आणि वरचा श्वास मोकळा होतो.

अंदाजावर थांबू नका, एक्झॉस्टचा दाब मोजा. प्रत्येक गटाच्या कलेक्टरमध्ये बंग (वेल्ड केलेलं आट्यांचं तोंड), त्यातून ६ मिमीची स्टीलची नळी, मीटरभर लांब, वेटोळं केलेली, पुढे ४ बारचा सेन्सर. नळी छोटी ठेवली तर सेन्सर भाजतो. एक्झॉस्टचा आणि इनटेकचा निरपेक्ष दाब यांचं गुणोत्तर ७००० ला १.३ असेल तर उत्तम, १.५ पर्यंत चालतं, २ च्या पुढे गेलं तर हाउसिंग लहान आहे. तिथे इग्निशन मागे घेऊन उपयोग नाही. सिलिंडरमध्ये गरम वायू अडकतोय, नॉकचं (मिश्रण अवेळी पेटण्याचं) मूळ तेच, आणि टायमिंग मागे घेतलं की एक्झॉस्ट आणखी तापतो.

इंधनदाता

टर्बो निवडून झाला की लोक इंजेक्टरवर हात आखडतात, म्हणून हिशोब टाकून ठेवतो. टर्बो पेट्रोल इंजिन भाराखाली हॉर्सपॉवरला तासाला साधारण २७० ग्रॅम इंधन घेतं. ५२० ला १४० किलो, म्हणजे तासाला १९० लिटर. सहा इंजेक्टर, ८५ टक्के ड्यूटी (उघडे राहण्याचा वेळ): प्रत्येकी मिनिटाला किमान ६२० सीसी. ७२५ किंवा ७५० चे घ्या.

पंप १९० लिटरचा घेतला तर मेलात. रेग्युलेटर बूस्टला जोडलेला असतो, म्हणून पंपापुढे ३ अधिक १.२, म्हणजे ४.२ बार. पंपावर छापलेला आकडा बहुधा ३ बारचा, आणि दाब वाढला की प्रवाह घटतो. ३४० लिटरचा पंप, बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणि रिले. पंपाच्या टोकाशी १३.५ व्होल्ट मिळतात का ते भाराखाली तपासा.

मिश्रण (हवा भागिले इंधन, वजनाने) पूर्ण बूस्टला ११.५ ते ११.८. आणि लक्ष्यापेक्षा ०.२ बार वर गेलं की इंधन तोडणारी मर्यादा ईसीयूमध्ये पहिल्या दिवशीच घाला, शेवटच्या दिवशी नाही.

तेलकट_हात

तेलाबद्दल दोन ओळी. बॉल-बेअरिंगला फीडमध्ये १ मिमीच्या आसपासचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह आवरणारं बारीक छिद्र). टर्बोपाशी तेलाचा दाब जास्तीत जास्त आरपीएमला २.८ ते ३.१ बार असावा. जर्नल-बेअरिंगला सहसा रिस्ट्रिक्टर नको, त्याला प्रवाह हवा. ड्रेन आतून १६ मिमी, सरळ खाली, कुठेही पोट न पाडता. नव्या टर्बोने धूर सोडला की लोक सील फुटलं म्हणून परत पाठवतात. दहात नऊ वेळा ड्रेन अडलेला असतो किंवा क्रँककेसमध्ये दाब साठलेला. ब्रीदरच्या (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणाऱ्या) नळ्या १९ मिमीच्या करा, कॅच कॅन (त्यातलं तेल साठवणारा डबा) लावा, मग सीलला दोष द्या.

पहिलं स्टार्टिंग: फीडच्या तोंडातून तेल घाला, चाक हाताने फिरवा. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, गेजवर दाब येईपर्यंत, दहा-दहा सेकंद क्रँक करा. मग चालू करून काही मिनिटं फक्त आयडल. ड्रेन आणि पाण्याचे जोड बघा. त्याआधी कॉम्प्रेसरच्या तोंडाला टोपी लावून १ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी मारून इनटेकची गळती शोधा. ब्रीदरच्या नळ्या मात्र आधी बंद करा, नाहीतर तो दाब क्रँककेसमध्ये जाऊन सील बाहेर ढकलतो. सुरुवातीचं ट्यूनिंग वेस्टगेटच्या ०.७ बारच्या स्प्रिंगवरच, बूस्ट वाढवणारा सोलेनॉइड न जोडता. तिथे बूस्ट वरच्या आरपीएमला स्थिर राहत नसेल तर आधी वेस्टगेटचा पाइप सुधारा.

सहाची_ओळ

सर्वांचे आभार. ठरलं ते असं: एक बॉल-बेअरिंग टर्बो, इनड्यूसर ५८ मिमी, विभागलेलं ०.८३ हाउसिंग. सव्वा इंची शेड्यूल १० चा मॅनिफोल्ड, १-२-३ आणि ४-५-६ वेगळे. दोन ४० मिमी वेस्टगेट, ०.७ बार स्प्रिंग, एक थ्री-पोर्ट सोलेनॉइड. डाउनपाइप ७६ मिमी, वेस्टगेटचे पाइप त्यातच पुढे जाऊन जोडणार, कारण रोजच्या गाडीत तो आवाज नको. इंजेक्टर ७५०, पंप ३४०. टर्बो शक्य तितका खाली बसवतोय, म्हणजे बॉनेटखाली उष्णता कमी आणि इनटेकचा पाइप सरळ.

तेलकट_हात

बाकी सगळं ठीक, शेवटचं वाक्य सोडून. खाली म्हणजे किती खाली? ड्रेनमध्ये पंप नसतो, तेल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं, तेही फेसाळलेलं. टर्बोचं ड्रेनचं तोंड सम्पमधल्या (इंजिनाखालची तेलाची टाकी) तेलाच्या पातळीच्या बरंच वर हवं आणि सम्पवरचं फिटिंगही पातळीच्या वर. वळणावर तेल त्याच बाजूला चढतं, ते धरून मोजा. गाडी सपाट उभी करून, सम्प पूर्ण भरून, डिपस्टिकच्या वरच्या खुणेची रेषा ब्लॉकवर बाहेरून आखा आणि टर्बो तात्पुरता टांगून बघा. ड्रेनला उतार पुरत नसेल तर टर्बो वर घ्या. उष्णतेसाठी टर्बाइनला आवरण आणि मध्ये पत्र्याची ढाल लावता येते, तेलाच्या उताराला असा दुसरा उपाय म्हणजे स्कॅव्हेंज पंप (तेल ओढून परत नेणारा), आणि रोजच्या गाडीत ती आणखी एक बिघडणारी वस्तू. कलेक्टरचा फ्लँज हे बघितल्यावरच वेल्ड करा.